यंत्रांतला पडघम

खंडाळ्याचा पावसाळा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस चामड्याच्या वाद्यांचें दुःख सांगावयास नको. आषाढांत घाटांत धुकें उतरलें कीं तबल्याची पुडी सैल पडते, ढोलकी बद्द वाजूं लागते, आणि वसतिगृहांतील वादकाचा निम्मा वेळ वाद्य शेकण्यांत व ठोकण्यांत जातो. म्हणून इलेक्ट्रॉनिक ड्रम आणून ते संगणकास जोडावे, अशी सूचना निघाली. तेव्हां हा संगीताचा अभ्यास कीं खेळणें, असें कांहीं पालकांनीं विचारलें. आमचें मत असें कीं, ड्रम अवश्य घ्यावे. मात्र त्यांत आवाज कोणाचा भरावयाचा, हा प्रश्न टाळूं नये.

ड्रमच्या प्रत्येक थाळीखालीं दाब पडतांच वीज उत्पन्न करणारी एक चकती असते. आघाताचें बळ १ पासून १२७ पर्यंतच्या अंकांत मोजून संगणकास कळविलें जातें. 'मिडी' नांवाची ही अंकभाषा १९८३ सालीं प्रचारांत आली. संगणकांतील सॉफ्टवेअर त्या अंकास जुळेल असा, खऱ्या ड्रमचा आधींच ध्वनिमुद्रित केलेला आवाज काढून देतें. मध्यें किंचित् विलंब होतो. तो सेकंदाचा शंभरावा भाग असला, तर अकरा फुटांवरील ड्रमचा नाद कानीं येण्यास लागतो तितकाच झाला. फार वाढला, तर मात्र हात अडखळतो.

कानास हेडफोन लावला म्हणजे थाळीच्या टपटपीपलीकडे शेजाऱ्यास त्रास नाहीं. पुडी उतरण्याची भीतीहि नाहीं. वीज गेली कीं सारेंच मुकें, आणि खंडाळ्यांत ती केव्हां जाते हें वाचकांस ठाऊक आहे!

वाद्य परदेशी, हा आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. बाजाची पेटीहि परदेशांतूनच आली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातीं ती मराठी झाली असतांहि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला मज्जाव केला, आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. तेवढ्या काळांत पेटी कोणत्या घरांतून गेली?

खरी उणीव निराळी आहे. डग्ग्यावर थाप दिल्यानंतर तळव्याच्या दाबानें नाद वर चढवितां येतो; साधी थाळी थापेचें बळ जाणते, त्यामागून आलेला दाब जाणत नाहीं. यास्तव मुलांनीं पहिलें वर्ष तरी चामड्यावर हात बसवावा, मग थाळीकडे वळावें, असें आम्ही आग्रहानें म्हणतों. त्यांतच, बाजारांतील पुष्कळशा सॉफ्टवेअरांत पाश्चात्य ड्रमचे आवाज शेंकड्यांनीं असतात. संबळ, हलगी, ताशा यांस जागा क्वचित्.

ती जागा आपणच भरावी. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्री यात्रा येथून जवळ. मावळांतील गांवोगांवीं संबळ व हलगी वाजविणारे आहेत. त्यांपैकीं दोघातिघांस बोलावावें, उचित बिदागी द्यावी, आणि संगीताच्या खोलीचीं दारें लावून एकेक थाप हलकीपासून जोराचीपर्यंत, निरनिराळी मुद्रित करून घ्यावी. ज्याचा हात त्याचें नांव त्या ध्वनीस द्यावें, व त्याच्या अनुमतीवांचून तो शाळेबाहेर जाऊं नये. हें काम कोरड्या हवेंत, फाल्गुनाच्या आंत व्हावयास पाहिजे. पाऊस लागला कीं संबळहि उतरेल.