इंजिन बदलले, नोंदणीचे काय?

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग हे नेपाळच्या सीमेवरचे छोटेसे गाव. तेथून संदकफूचा सुमारे ३१ किलोमीटरचा चढ ३६३६ मीटर उंचीवर जाऊन संपतो. या वाटेवर माणसे आणि सामान वाहण्याचे काम कित्येक दशके जुन्या लँडरोव्हर गाड्यांनी केले आहे. चहामळ्यांच्या इंग्रज व्यवस्थापकांकडून उतरत आलेल्या १९५० च्या दशकातील या गाड्या. आता बोलेरोंची गर्दी झाली असली तरी त्या अजून दिसतात. महाराष्ट्राबाहेर राहणारी आपली मंडळी त्या बाजूला गेली तर त्यांनी एखाद्या गाडीचे बॉनेट जरूर उघडून घ्यावे. मूळ पेट्रोल इंजिन क्वचितच सापडेल. सुटे भाग मिळेनासे झाले, पेट्रोल परवडेनासे झाले, आणि चालकांनी महिंद्राची डिझेल इंजिने बसवून घेतली.

ही वरवरची डागडुजी नव्हे. नवे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाही. मध्ये लेथवर कातलेली प्लेट घालावी लागते, आणि तिचा मध्य किंचित जरी चुकला तरी क्लच व बेअरिंग लवकर जातात. इंजिन धरून ठेवणारे ब्रॅकेट चासीवर नव्या जागी वेल्ड करावे लागतात. लँडरोव्हरची चासी पत्रा जोडून केलेली पोकळ पेटी असते. ती आतून गंजते, आणि गंजून पातळ झालेल्या पत्र्यावर केलेले वेल्डिंग स्वतः टिकले तरी त्याच्या शेजारी तडा जातो. डिझेल इंजिन वजनदार असल्याने पुढच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतात. ब्रेक मात्र सुमारे ५० अश्वशक्तीच्या गाडीसाठी बनवलेले, चारी चाकांना ड्रमचे. चांगला मिस्त्री हे सगळे जाणतो. वाईट मिस्त्रीही इंजिन चालू करून दाखवतोच! दोघांच्या कामातला फरक गाडी उभी असताना दिसत नाही, उतारावर दिसतो.

हा फरक ओळखणे हे शासनाचे काम आहे असे मला वाटते. आपला कायदा मात्र तो प्रश्नच विचारत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची मूळ रचना वेगळी होती. मालकाने नियोजित बदलाची सूचना द्यावी, नोंदणी अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी किंवा नाकारावी, अशी ती होती. २००० सालच्या दुरुस्तीने ती बदलली आणि नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून दूर जाईल असा बदल करण्यास मनाई आली. इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त किटसाठी स्वतंत्र वाट ठेवली गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या मनाईचा कडक अर्थ कायम केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन बसवायला वाव आहे. परंतु सत्तर वर्षांपूर्वीच्या परदेशी गाडीसाठी तसे इंजिन आणायचे कोठून?

मग ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवावी, तर तेही जमत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ८१-अ पासूनचे नवे नियम आले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो; पण गाडी मूळ रूपात हवी आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय ती प्रदर्शन, संशोधन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. श्रीमंत संग्राहकासाठी हे नियम उत्तम आहेत. ज्या गाडीने रोज काम केले, आणि म्हणूनच जिचे इंजिन बदलले, तिच्यासाठी त्यात जागा नाही.

परिणामी कामाचा दर्जा कोणीच तपासत नाही. जबलपूरच्या कारखान्यात बनलेली, लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा असो की हरियाणातील मंडी डबवालीत नव्याने बांधलेली उघडी जीप असो, मालक एक तर गप्प बसतो किंवा फिटनेसच्या वेळी ‘व्यवस्था’ करतो. डबवालीच्या काही जीपा, अवाढव्य टायर लावून उंच केलेल्या, खरोखर धोकादायक असतात हेही मान्य केले पाहिजे. न्यायालयाची चिंता निराधार नव्हती. पण सरसकट मनाईने त्या थांबलेल्या नाहीत, आणि प्रामाणिक माणसाला मात्र तपासणी मागण्याची सोय उरली नाही.

ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांतील बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे. गाडीच्या वजनाच्या हिशेबात किती मोठे इंजिन चालेल हे ती सांगते, आणि मोठ्या बदलांवर मान्यताप्राप्त अभियंता सही करतो. सही त्याची, म्हणजे जबाबदारीही त्याची. आपल्याकडचे निरीक्षक कामाने वाकलेले आहेत, त्यांना हे जमणार नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणूनच हे काम त्यांच्यावर लादू नये. सीएनजी किटच्या बाबतीत आपण मान्यताप्राप्त संच आणि अधिकृत कार्यशाळा ही पद्धत राबवली आहेच. पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थांनी इंजिनबदलाची मानके ठरवावीत, स्थानिक तपासणी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या यंत्रविभागांनी शुल्क घेऊन करावी.

यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. कलम ५२ मध्येच विशिष्ट प्रयोजनासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्राला आहे. डोंगरी भागातील जुन्या गाड्यांपासून सुरुवात करावी, पहिल्या वर्षी माफीसह तपासणी ठेवावी, आणि निरीक्षकाच्या फॉर्मवर इंजिन क्रमांकाच्या खाली तीन नवे रकाने घालावेत: चासीवरील वेल्डिंग, इंजिनाचे माउंटिंग आणि उतारावरील ब्रेक.