काडतुसांचा दुष्काळ आणि तळघरातली कोठारे

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेली मंडळी तिथल्या दुकानांची वर्णने हौसेने करतात. त्यांतल्या एखाद्या चौकस काकांच्या नजरेतून एक फळी सहसा सुटत नाही. खेळाच्या सामानाच्या दुकानात मासे पकडायचे गळ, तंबू, शिकाऱ्यांचे बूट यांच्या पलीकडे काडतुसांची खोकी रचून ठेवलेली असतात. आपल्याकडे परवान्याच्या पुस्तिकेत एका वेळी किती काडतुसे बाळगायची आणि वर्षाला किती विकत घ्यायची, हे लिहून दिलेले असते. तिथे बहुतेक राज्यांत वयाचा दाखला पुरतो. काका घरी येऊन सांगतात, ‘अहो, बिस्किटांसारखी विकतात!’ काकांचे खरे आहे. पण ही बिस्किटांची फळी गेल्या वीस वर्षांच्या आत तीनदा रिकामी झाली, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

पहिल्यांदा २००८ च्या नोव्हेंबरात ओबामा निवडून आल्यावर. दुसऱ्यांदा डिसेंबर २०१२ नंतर. तिसऱ्यांदा २०२० मध्ये, करोनाच्या वर्षी. तिन्ही वेळा कारखाने चालू होते, किंबहुना रात्रपाळी करून चालू होते. तरी माल मिळेना. मग तो गेला कुठे? त्याचे उत्तर अमेरिकेतल्या लाखो घरांच्या तळघरांत आहे, आणि ते बंदुकांशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसानेही समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये उत्तर भारतात मीठ संपणार अशी अफवा उठली, तेव्हा तीन बाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या देशात लोकांनी पिशव्या भरभरून मीठ घरी नेले होते. माणूस इथून तिथून सारखाच.

यातला दुसरा दुष्काळ सर्वांत विचित्र, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावच्या सँडी हुक शाळेत एका तरुणाने वीस चिमुरडी मुले आणि सहा मोठी माणसे गोळ्या घालून मारली. साऱ्या देशाला धक्का बसला. आता सरकार कडक कायदा करणार, असे वातावरण तयार झाले आणि त्याच आठवड्यांत बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. मुलांच्या हत्येनंतर गोळ्यांचा खप वाढावा, हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो. पण रांगेतली सगळीच माणसे दुष्ट होती असे समजण्याचे कारण नाही. त्यांत रविवारी सकाळी कागदी लक्ष्यावर नेम धरणारे निवृत्त शिक्षक होते, नातवाला शिकवणारे आजोबा होते, हिवाळ्यात हरणाची शिकार करणारे शेतकरी होते. त्यांचा हिशेब साधा होता. उद्या मिळणार नसेल तर आज घेऊन ठेवावे.

गंमत अशी, की ज्या कायद्याची भीती होती तो आलाच नाही. १७ एप्रिल २०१३ रोजी सिनेटमध्ये खरेदीदारांच्या तपासणीची व्याप्ती वाढवणारी दुरुस्ती ५४ विरुद्ध ४६ मतांवर अडली. साठ मते हवी होती. म्हणजे चार महिन्यांत भीतीचे कारण संपले. टंचाई मात्र संपली नाही. पॉइंट टू टू नावाची जी सर्वांत लहान आणि स्वस्त गोळी, जिच्यावर तिकडची मुले नेमबाजीची मुळाक्षरे गिरवतात, ती २०१६ उजाडेपर्यंत सुखाने मिळेना. पाचशे गोळ्यांच्या खोक्याला तिकडे ‘वीट’ म्हणतात. ही वीट पूर्वी वीस डॉलरच्या आसपास मिळे. टंचाईत ती फेरविक्रीत पन्नास डॉलरला आणि त्याहून चढ्या भावाने जाऊ लागली. दुकानात मालाचा ट्रक कोणत्या वारी येतो हे हेरून पहाटे रांग धरणारे लोक निघाले. त्यांतले काही नेमबाज होते आणि काही केवळ व्यापारी. सिनेमागृहाबाहेर तिकिटांचा ‘ब्लॅक’ पाहिलेल्या आपल्या पिढीला त्यात नवे काही वाटणार नाही.

आता ज्याला मी या प्रकरणाचे मर्म समजतो, तिथे येतो. जानेवारी २०१३ मध्ये वॉलमार्टने एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीनच खोकी देण्याचा नियम केला. हेतू चांगला होता. माल सगळ्यांना पुरावा. पण ‘तीनच मिळतील’ ही पाटी वाचून एक खोके घ्यायला आलेला माणूस काय करील? तीन घेईल. आणि उद्या पुन्हा येईल. पाटीने त्याला मर्यादा सांगितली नाही, टंचाईची बातमी सांगितली.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला याचे नवल वाटत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी होतो. तिथल्या एका पतपेढीबद्दल कुजबूज सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेतही, जिचा त्या पतपेढीशी सुतराम संबंध नव्हता, लोक पासबुके घेऊन उभे राहिले. आमच्या व्यवस्थापकांनी मुख्य कार्यालयातून रोकड मागवली आणि नोटांची बंडले रोखपालाच्या मागे, काचेतून सर्वांना दिसतील अशी रचली. ‘दिवसाला इतकेच मिळतील’ अशी पाटी त्यांनी लावली नाही. दुपारपर्यंत निम्मी रांग पैसे न काढताच घरी गेली. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये एका काल्पनिक बँकेच्या गोष्टीतून हेच दाखवले होते. बँक धडधाकट असते. ती बुडणार असे सगळ्यांना वाटते, सगळे पैसे काढायला धावतात, आणि म्हणून ती बुडते. पुढे डायमंड आणि डिबव्हिग या दोघांनी १९८३ मध्ये त्याचे गणित मांडले. २०२२ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

फरक एवढाच, की बँकेला अडचणीत नोटा पाठवणारी मध्यवर्ती बँक असते. काडतुसांची टांकसाळ कोणी रात्रीतून चालू करू शकत नाही. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्यात बारूद, तोंडाशी शिशाची गोळी आणि बुडाशी ‘प्रायमर’. प्रायमर म्हणजे दिवाळीत मुले पिस्तुलात घालून फोडतात त्या टिकलीचा थोरला भाऊ. घोड्याचा आघात झाला की तो पेटतो आणि बारुदाला पेटवतो. अमेरिकेत २०२० साली प्रायमर बनवणारी मोठी नावे चारच होती : फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. स्फोटक पदार्थाचे नाजूक काम, त्यामुळे नवा कारखाना टाकणे सोपे नाही. वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून घरच्या घरी काडतुसे भरणारे काटकसरी नेमबाज तिकडे पुष्कळ आहेत. त्यांना वाटे, आपण बाजारावर अवलंबून नाही. २०२० मध्ये हजार प्रायमरची तीस-पस्तीस डॉलरची पेटी शंभराच्या वर गेली, आणि तीही दिसेना, तेव्हा त्यांचे स्वावलंबन एका टिकलीवर येऊन थांबले. पॉइंट टू टूच्या बाबतीत तर तीही सोय नाही. तिचा पेटणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो, त्यामुळे ती पुन्हा भरता येत नाही.

मग कारखानदार क्षमता का वाढवत नाहीत? कारण त्यांचे हात पोळलेले आहेत. २०१६ च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटन येणार, लोक पुन्हा घाबरणार, या अंदाजाने माल भरून ठेवला गेला. निवडून आले ट्रम्प. भीती ओसरली, मागणी आटली, आणि कर्जाने वाकलेल्या रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०२० च्या जुलैत पुन्हा केला. म्हणजे देशात काडतुसांसाठी हाहाकार माजलेला असताना दोनशे वर्षांची जुनी कंपनी लिलावात निघाली होती आणि आर्कान्सामधल्या लोनोक इथला तिचा काडतुसांचा कारखाना फेडरल आणि सीसीआयच्या मालकांनी घेतला. ज्या धंद्याची मागणी मालाच्या गरजेवर नाही, तर निवडणुकीच्या निकालावर चढते-उतरते, त्याला कर्ज देताना कोणताही बँक अधिकारी दोनदा विचार करील.

करोनाच्या वर्षाचे आकडे मोठे आहेत. बंदूक विक्रीच्या वेळी एफबीआयकडून जी तपासणी होते, तिची संख्या २०१९ मध्ये सुमारे २ कोटी ८४ लाख होती, ती २०२० मध्ये ३ कोटी ९७ लाखांवर गेली. (प्रत्येक तपासणी म्हणजे एक नवी बंदूक असे नव्हे, पण वारा कुठला ते कळते.) त्या वर्षी ८४ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली, असा या धंद्याच्या संघटनेचा अंदाज आहे. यांतल्या प्रत्येकाने पन्नासाची दोनच खोकी घेतली असे धरा. ८४ कोटी गोळ्या झाल्या, आणि त्यांतली एकही अजून झाडलेली नाही. ‘नऊ मिलिमीटर’ ही पिस्तुलाची सर्वांत खपाची गोळी आधी अठरा-वीस सेंटला पडे. २०२१ च्या सुरुवातीला ती सत्तर सेंटच्या वर गेली. त्याच वर्षी सप्टेंबरपासून रशियन काडतुसांच्या नव्या आयात परवान्यांवर बंदी आली. नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाबद्दलचे ते निर्बंध होते. स्वस्त मालाची एक मोठी वाट तिथे बंद झाली.

टंचाईत अफवांचेही पीक येते. २०१३ मध्ये अंतर्गत सुरक्षा खाते १६० कोटी गोळ्या विकत घेऊन बाजार मुद्दाम कोरडा पाडत आहे, अशी हाकाटी होती. तो आकडा अनेक वर्षांच्या करारांची कमाल मर्यादा होती. सरकारच्या हिशेब तपासनिसांनी जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला, की खात्याची खरेदी २००९ पासून उलट घटली आहे. त्याआधी महिनाभर मिसुरीतल्या हर्क्युलेनियम गावची, खनिजापासून शिसे काढणारी देशातली शेवटची मोठी भट्टी बंद झाली. लगेच ‘आता गोळ्यांना शिसेच मिळणार नाही’ ही आवई उठली. वास्तविक गोळ्यांचे बरेचसे शिसे जुन्या बॅटऱ्या वितळवून येते. पण ज्याने आधीच तळघरात चार पेट्या ठेवल्या आहेत, त्याला पाचवी ठेवायला कारण हवेच असते.

तीन दुष्काळांनी हौशी नेमबाजांच्या सवयी पार बदलल्या. पूर्वी शनिवारी दुकानात जाऊन रविवारपुरती काडतुसे आणायची पद्धत होती. आता ‘दिसले की घ्यायचे’. लष्करी धाटणीच्या लोखंडी पेट्या, आत ओल शोषणाऱ्या पुड्या, वर खरेदीची तारीख. जुने आधी वापरायचे, नवे मागे ठेवायचे. आमच्या आजीची लोणच्याच्या बरण्यांबाबत हीच शिस्त होती. आयडाहो राज्यातल्या एका कंपनीने तर महिन्याला ठरावीक रक्कम भरा, तेवढी काडतुसे आमच्या गोदामात तुमच्या नावे जमा होतील, हवी तेव्हा मागवा, अशी योजना काढली आहे. ती वाचून मला आमच्या आवर्ती ठेवीचे फॉर्म आठवले.

इथे मला एक भेद करावासा वाटतो, आणि तो आपल्या घरातलाच आहे. साठवण वेगळी, साठेबाजी वेगळी. मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू आला, भाव उतरला, की एरंडेल लावून वर्षाचे धान्य भरायचे, ही साठवण. तिने बाजाराचे काही बिघडत नाही. उलट आषाढात दुकानावरचा भार हलका होतो. २०१८-१९ मध्ये मंदीत ज्यांनी शांतपणे काडतुसे घेऊन ठेवली, ते २०२० मध्ये रांगेत दिसले नाहीत. रांगेत होते ते घाबरून घेणारे, आणि त्यांच्या मागे ज्यांना खरोखर हवे होते ते. म्हणून टंचाईनंतर लोक सस्तात भरून ठेवायला शिकले, यात मला शहाणपण दिसते. पण त्याची किंमतही दिसते. साठा मोडायला हात धजत नाही. पूर्वी सहज दोनशे गोळ्या झाडणारा पन्नासावर थांबतो, कोणी घरी रिकाम्या बंदुकीने सराव करतो, कोणी छऱ्यांच्या हवाई बंदुकीकडे वळतो. खेळाची वस्तू ठेव झाली आणि ठेव मोडताना जीव तुटतो.

यात भरडला जातो तो नवखा आणि गरीब. ज्याच्याकडे तळघर नाही, एकदम दोन-तीनशे डॉलर नाहीत, तो टंचाईत चढ्या भावाने घेतो किंवा घेतच नाही. २०१३ मध्ये मुलांच्या नेमबाजी वर्गांना विटा मिळेनात, आणि काही गावांच्या पोलिसांनीही सरावाच्या गोळ्या कमी केल्या. मुलांच्या वर्गाचे मला अधिक लागते. पॅरिसमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच पॉइंट टू टू जातीच्या गोळीने. अशा एका पदकामागे हजारो गोळ्यांचा सराव असतो, आणि तो सराव कोवळ्या वयात सुरू व्हावा लागतो.

दरम्यान, तिकडच्या फळ्या पुन्हा भरल्या. २०२३ पर्यंत नऊ मिलिमीटरची गोळी पंचवीस सेंटच्या आसपास उतरली. जुन्या भावाला मात्र गेली नाही. युक्रेनच्या युद्धाने जगभर बारुदाची ओढ वाढली आणि २०२४ मध्ये बारुदाचे भाव पुन्हा वर सरकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टनची काडतुसे बनवणारा सारा धंदा झेक प्रजासत्ताकातल्या सीएसजी या शस्त्रास्त्र समूहाने विकत घेतला. प्रायमरच्या चार नावांपैकी तीन आता एका परदेशी मालकाच्या हाती आहेत. हा सौदा होत असताना अमेरिकेच्या काही खासदारांनी आक्षेप घेतले होते. सरकारने तपासून परवानगी दिली. तिकडचे नेमबाज ती बातमी वाचून दुकानात गेले असतील आणि फळी भरलेली पाहूनही प्रायमरची एक पेटी अधिक घेऊन आले असतील, असा माझा अंदाज आहे.