ठुशीच्या मागची ग्रंथी

लग्नाला निघायची घाई असते. आरशासमोर ठुशीचा गोंडा आवळताना एकदम लक्षात येते, की ठुशी नेहमीसारखी बसत नाही. गळ्याच्या खळगीच्या जरा वर, एका बाजूला, सुपारीएवढा उंचवटा आहे. दुखत नाही, खुपत नाही. घरातले कुणी म्हणते, ‘वजन वाढलंय तुझं.’ दुसरे कुणी आवाज खाली आणून विचारते, ‘कॅन्सर तर नसेल?’ दोन्ही अंदाज बहुधा चुकीचे ठरतात. थायरॉईडमधल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. मात्र तपासून घेतल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

डॉक्टर आधी काय करतात? पाण्याचा एक घोट घ्यायला सांगतात. घोटाबरोबर गाठ वर सरकून परत खाली आली, तर ती बहुधा थायरॉईडचीच. ही ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला घट्ट बांधलेली असते. गिळताना स्वरयंत्र वर उचलले जाते, तशी तीही ओढली जाते. जीभ बाहेर काढल्यावर वर सरकणारी, अगदी मधोमध असलेली गाठ मात्र वेगळी. गर्भात थायरॉईड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली मानेत उतरते. त्या वाटेचा काही भाग बुजायचा राहिला, तर पुढे तिथे पाणी साठून अशी गाठ येते. लहान मुलांमध्ये ती बऱ्याचदा दिसते.

ग्रंथी तशी लहानच. मोठ्या माणसात वीस ग्रॅमच्या आसपास वजन. कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या दोन्ही अंगांना एकेक पाळी आणि दोघींना जोडणारी मधली अरुंद पट्टी. पंख पसरलेले फुलपाखरूच म्हणा ना! तिच्या मागे श्वासनलिका, त्यामागे अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या. म्हणूनच गाठ फार वाढली, की श्वास कोंडतो किंवा घास अडकल्यासारखा वाटतो.

आयोडीन कमी पडले, तर ही ग्रंथी अधिक काम करू पाहते आणि फुगते. तोच गलगंड. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात तो घरोघरी दिसे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५६ पासून काही गावांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले आणि गलगंडाचे प्रमाण उतरले. आज स्वयंपाकघरात येणारे पिशवीतले मीठ त्याच वाटेने आले आहे.

सगळ्याच गाठी कापाव्या लागत नाहीत. पण ज्यांना शस्त्रक्रिया सांगितली जाते, त्यांनी या ग्रंथीचे शेजारी ओळखून घ्यावेत. एकेकाळी या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने माणसे दगावत. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या थिओडोर कोखर यांनी ती इतकी सुरक्षित केली, की मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पण पूर्ण ग्रंथी काढलेले काही रुग्ण पुढे सुजट, मंद होत गेले, हेही त्यांनीच १८८३ मध्ये जगापुढे मांडले. स्वतःच्या शस्त्रक्रियेचा दोष असा उघड करणारा सर्जन विरळाच! पूर्ण ग्रंथी काढलेल्यांना आता रोज एक गोळी घ्यावी लागते, ती याचसाठी.

दुसरा शेजारी म्हणजे आवाजाच्या नसा. यातली मुख्य नस मेंदूकडून सरळ स्वरयंत्रात जात नाही. ती आधी छातीकडे उतरते. डाव्या बाजूला महाधमनीच्या कमानीला वळसा घालून थायरॉईडच्या मागून परत वर चढते. तिला धक्का लागला, की आवाज घोगरा होतो. दुसरी एक बारीक नस वरच्या टोकाजवळून जाते. तिच्यामुळे स्वर उंच चढतो. अमेलिता गाली-कुर्ची या नामवंत ऑपेरा गायिकेची १९३५ मध्ये शिकागोला गलगंडाची शस्त्रक्रिया झाली. त्यात हीच नस दुखावून त्यांचा तारसप्तक गेला, असे सर्जन पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आवाज आधीच उतरू लागला होता, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. काही असो, गाणाऱ्या बाईने, शाळेत दिवसभर बोलणाऱ्या शिक्षिकेने हा प्रश्न सर्जनला आधीच विचारावा. त्यात संकोच कसला?

तिसरे शेजारी सर्वांत लहान. थायरॉईडच्या मागच्या बाजूला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी. नाव सारखे असले, तरी काम अगदी निराळे. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या मानेत रिचर्ड ओवेन यांना अशी ग्रंथी प्रथम दिसली. माणसातल्या ग्रंथींचे नीट वर्णन स्वीडनच्या इव्हार सांडस्ट्रोम यांनी १८८० मध्ये केले. शस्त्रक्रियेत त्यांचा रक्तपुरवठा तुटला, तर कॅल्शियम घसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताचे स्नायू आखडतात. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून भेटायला आलेल्या मंडळींनी सरबत पाजत बसू नये. तेव्हाच नर्सला हाक मारावी. बहुतेकांना काही दिवस किंवा आठवडे कॅल्शियम द्यावे लागते, मग त्या इवल्या ग्रंथी पुन्हा कामाला लागतात.