टायरवरचा आकडा की दारावरचा?

मागच्या गणेशोत्सवात मखर, सतरंज्या आणि घडीच्या खुर्च्या हॉलवर नेण्यासाठी एका काकांनी त्यांचा पिकअप आणला होता. निघताना कोपऱ्यावरच्या पंपावर आम्ही हवा भरायला थांबलो. काकांनी टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचला आणि म्हणाले, "चव्वेचाळीस पौंड भरू. टायर बनवणाऱ्यालाच जास्त कळणार ना!" मी ड्रायव्हरचे दार उघडून आतला स्टिकर दाखवला. त्यावर ३५ लिहिले होते. काका हसले. "अगं, तुला अजून लायसन्ससुद्धा मिळालं नाही!"

मोठ्यांशी वाद घालू नये हे खरे. पण मला वाटते की इथे स्टिकरचेच ऐकावे. टायरवरचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो टायर कोणत्या गाडीला बसणार हे बनवणाऱ्याला ठाऊक नसते. गाडीचे वजन गाडीच्या कंपनीला ठाऊक असते. पिकअप रिकामा असला की मागची बाजू हलकी असते. हवा जास्त झाली तर ती उड्या मारते आणि टायर मधोमध झिजतो. हवा कमी असताना ओझे लादले तर टायर दबतो, तापतो आणि फुटूही शकतो.

अर्थात स्टिकर म्हणजे वेदवाक्य नव्हे. २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना होते. फोर्डने २६ पौंड हवा सांगितली होती, फायरस्टोन म्हणाली ३० भरा. दोन्ही कंपन्या एकमेकींना दोष देत राहिल्या, आणि त्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षी काँग्रेसने कायदा केला. त्यामुळे सप्टेंबर २००७ पासून इथल्या नव्या मोटारी आणि हलक्या पिकअपमध्ये हवा कमी झाल्याचा दिवा असतो.

"दिवा आहे ना, मग कशाला काळजी?" असे आई म्हणते. पण नियमाप्रमाणे हवा २५ टक्के कमी झाल्यावर तो लागला तरी चालतो. म्हणजे ३५ चे २६ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो! शिवाय थंडी दहा अंश फॅरनहाइटने वाढली की साधारण एक पौंड हवा कमी होते.

म्हणून माझी सूचना अशी. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजावी. किती वजन चालेल हेही त्याच स्टिकरवर असते, ते वाचून मगच सामान चढवावे. आणि आपल्या वर्गाच्या सामानाच्या पेटीत एक गेज ठेवावा. तो काही डॉलरला मिळतो.

त्या दिवशी काकांनी शेवटी ३५ च भरले. लायसन्स नसले तरी आकडा वाचता येतो!

– मोठ्या गटातील एक विद्यार्थिनी