निकाह झाला, इकाम्याचे काय?

कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये नोकरदारांच्या कुटुंबांसाठीचे व्हिसे पुन्हा सुरू केले, तेव्हा अनेक घरांत आशा जागली. पण सोबत आलेली अट वाचल्यावर ती आशा किती जणांची, हा प्रश्न पडतो. बायको-मुलांना बोलवायचे तर महिन्याला किमान ८०० दिनार पगार हवा. आधी ही अट ५०० दिनारची होती. ८०० दिनार म्हणजे आपले सव्वादोन लाख रुपये, कमी-जास्त. सोबत पदवीची अटही होती, ती त्याच वर्षी सैल झाली. शिक्षक, डॉक्टर, इंजिनिअर अशा काही पेशांना सवलत आहे. पण आपली जी मुले तिथे दुकानात, गाडीवर किंवा एसी दुरुस्तीला आहेत, त्यांना एवढा पगार कोण देतो? सरळ अर्थ असा की काम इथे करा, संसार तिकडेच ठेवा.

अमिरातीत अट कागदावर सोपी आहे. २०१९ पासून ४,००० दिरहम पगार, किंवा ३,००० आणि राहायला जागा, एवढ्यावर नवरा बायकोला बोलावू शकतो. हुद्द्याची अट तेव्हाच काढली गेली. अडचण येते ती जागेची. बेडस्पेसवर राहणाऱ्याला घराचा करारनामा कुठून आणता येणार? आणि घर भाड्याने घेतले की ४,००० दिरहमात उरते किती, हा हिशेब निकाहाआधी क्वचितच मांडला जातो.

सौदीची गोष्ट वेगळी. तिथे २०१७ पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे शुल्क लागले. सुरुवात महिन्याला १०० रियालने झाली, दरवर्षी १०० वाढत २०२० मध्ये ते ४०० झाले. बायको आणि दोन मुले धरली तर वर्षाला १४,४०० रियाल, तेही फक्त सोबत राहण्याचे. हे शुल्क लागल्यावर अनेकांनी बायको-मुलांना परत पाठवले, यात नवल नाही.

या सगळ्या आकड्यांत एक गोष्ट समान आहे. बायकोचा इकामा नवऱ्याच्या इकाम्याला बांधलेला असतो, आणि नवऱ्याचा त्याच्या नोकरीला. नोकरी गेली की मुदत दोघांचीही सुरू होते. विधवा किंवा तलाकशुदा बाईला अमिरातीने २०१८ पासून एक वर्ष राहण्याची सवलत दिली, ती चांगलीच आहे. पण एक वर्षच.

तरीही आपल्याकडे रिश्ता ठरवताना "मुलगा दुबईला आहे" एवढ्यावर बोलणे संपते. मेहर किती, वलीमा कुठे, यावर चार बैठका होतात. इकाम्यावर पेशा काय लिहिला आहे, करारात पगार किती आणि हातात किती येतो, मुलगी किती दिवसांत तिकडे जाईल, हे विचारले तर अब्बांना संकोच वाटतो, मुलाकडच्यांना राग येतो. आम्हांला तरी यात राग येण्यासारखे काही दिसत नाही. मुलीने पाच-सात वर्षे सासरी बसून फोनवर संसार करायचा असेल, तर ते तिला निकाहाआधी कळायला हवे. तिची हरकत नसेल तर तो तिचा निर्णय.

दुसरा गुंता कागदांचा. मुलगा चाळीस दिवसांच्या सुट्टीवर येतो. निकाह, दावती, पाहुणे यांत महिना जातो आणि विवाह नोंदणी राहून जाते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार ही नोंदणी निकाहापासून ९० दिवसांत करायची असते. तिला नवरा-नवरी दोघेही हजर लागतात, तीन साक्षीदार लागतात, निकाह पढवणाऱ्या काझींची सही लागते. नवरा विमानात बसला की काम पुढच्या सुट्टीवर गेले. निकाहनामा आहे ना, असे लोक म्हणतात. शरीयतच्या दृष्टीने निकाह पक्काच आहे, पण परक्या देशाच्या कार्यालयाला सरकारी दाखला दाखवणे सोपे जाते. जमातीने आणि काझीसाहेबांनी नोंदणीचा अर्ज निकाहाच्या दिवशीच भरून घेतला, तर पुष्कळ घरांचा त्रास वाचेल.

दाखला मिळाल्यावर त्याचे साक्षांकन. अमिराती आणि कुवेतसाठी आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास, आणि शेवटी तिकडचे परराष्ट्र खाते. सौदीसाठी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालते, म्हणजे दूतावासाची पायरी गळाली. यात सर्वांत जास्त खोळंबा नावांचा होतो. शाळेच्या दाखल्यावर मोहम्मद, पासपोर्टवर एमडी, उर्दू निकाहनाम्याच्या तर्जुम्यात मुहम्मद. माणूस एकच, कागदावर तीन. शाळेत नाव घालतानाच हे सुरू होते, आणि दुरुस्ती करावी लागते विसाव्या-पंचविसाव्या वर्षी. निकाहनामा लिहिताना दोघांचे पासपोर्ट समोर ठेवावेत, अंदाजाने नाव लिहू नये.

ब्रिटनमध्ये रिश्ता करणाऱ्यांनीही सावध राहावे. जोडीदाराला बोलावण्यासाठी तिथे वर्षाला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट होती, ती ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० झाली. नवी नवरी इथे कितीही कमावत असली तरी अर्ज करताना तिचा पगार धरत नाहीत. इंग्रजीची परीक्षा वेगळी.

आणि इकामा झाल्यावरही लक्ष ठेवावे लागते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते आणि आईच्या आग्रहाने राहते. अमिरातीचा सर्वसाधारण नियम असा की सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास इकामा रद्द होतो. सातव्या महिन्यात आली आणि बाळ चार महिन्यांचे होईपर्यंत थांबली, तर मुदत संपलेली असते. मग तिचे कागद पुन्हा, आणि बाळाचा पासपोर्ट, व्हिसा, जन्मदाखलाही त्याच रांगेत.