गिटारला हीटरची ऊब नको

पालकांना आग्रहाची विनंती, की मुलांची गिटार हिवाळ्यात हीटर किंवा ब्लोअरजवळ ठेवू नये. ग्वाल्हेरची जानेवारीतली थंडी लाकडाला जेवढी बाधत नाही, तेवढी बंद खोलीतली ही कोरडी ऊब बाधते. थंड हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. गिटारची पुढची फळी जेमतेम ३ मिलिमीटरची. ती आक्रसते, कधी तडकते, आणि फ्रेटची टोके बोटांना टोचू लागतात. पावसाळ्यात उलटे होते. फळी फुगते, तारा उंच होतात आणि मुलाला वाटते, आपलीच बोटे कमजोर. (मे महिन्यात कूलरसमोर वाद्य ठेवणे हाही त्यातलाच प्रकार.) आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के असावी. सकाळी धुक्यातून आणलेली गिटार थोडा वेळ पेटीतच राहू द्यावी.

विश्वस्त मंडळ नव्या गिटारी घेण्याच्या विचारात आहे. माझे स्पष्ट मत असे, की आधी आहेत त्या गिटारींना मजबूत पेट्या आणि संगीताच्या खोलीत एक हायग्रोमीटर घ्यावा. पत्र्याच्या छपराखालच्या भांडारात नवे वाद्य ठेवणे म्हणजे देणगीदारांचा पैसा उन्हात वाळत घालणे. या सत्रात दोन गिटारी कमी आल्या तरी चालेल.