चाकांवरच्या घरातील हिवाळी रात्र आणि बॅटरीचा हिशेब



डिसेंबर-जानेवारीत मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील आता आपल्याकडे घरोघरी आहेत. निघण्यापूर्वी ते दवाखान्यात येतात आणि चार महिन्यांची औषधे लिहून नेतात. गेल्या महिन्यात असेच एक जुने रुग्ण सपत्नीक आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४. झोपेत श्वास थांबण्याच्या विकारामुळे ते रात्री सी-पॅप यंत्र लावून झोपतात. औषधे लिहून झाल्यावर त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, गेल्या वर्षीची गोष्ट ह्यांनी तुम्हाला सांगितली नसेल."

गोष्ट अशी होती. मुलाने आर.व्ही., म्हणजे चाकांवरचे फिरते घर, भाड्याने घेतले होते. ॲरिझोनाच्या पश्चिमेस क्वार्ट्झसाईट गावाभोवती मोठे वाळवंट आहे. हिवाळ्यात हजारो लोक तेथे अशी घरे घेऊन मुक्कामाला येतात. वीज-पाण्याची जोडणी नाही, फक्त आकाश आणि शांतता. दुसऱ्या रात्री पारा शून्याजवळ उतरला आणि पहाटे तीनच्या सुमारास यंत्र बंद पडले. बाईंना जाग आली ती यंत्राचा आवाज थांबल्यामुळे. पुढे उजाडेपर्यंत त्या पतीच्या श्वासाकडे लक्ष देत बसून राहिल्या. मुलाला दोघांनीही उठवले नाही.

मी विचारले, "सर, रात्रभर यंत्र लागते हे मुलाला आधी सांगितले होते का?" सर म्हणाले, "त्याने विचारलं होतं, बाबा, विजेवर चालणारं काही आहे का? मी म्हटलं, विशेष काही नाही. उगाच त्याच्या सहलीत माझं लोढणं कशाला?"

वाचकहो, ज्या हिशेबात सरांचे यंत्र धरलेलेच नव्हते, तो हिशेब चुकणारच होता. भारनियमनाच्या दिवसांत आपण सर्वांनी घरी इन्व्हर्टर वापरला आहे. पंखा आणि दिवा किती वेळ चालेल, हे आपण बोटांवर मोजत असू. येथेही तेच गणित आहे, फक्त थंडीची भर पडते.

आधी खर्च पाहू. सी-पॅप यंत्र आर्द्रता देणाऱ्या तापकासह चालवले तर सुमारे ६० वॉट घेते. आठ तासांचे ४८० वॉट-तास होतात. घर गरम ठेवणारी भट्टी गॅसवर चालते खरी, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तरी ४२० वॉट-तास जातात. दिवे, पाण्याचा पंप, वायूसूचक यंत्र आणि मोबाईल यांचे १०० धरा. एका रात्रीचा खर्च झाला १,००० वॉट-तास.

आता जमा पाहू. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्यांत कागदावर २,४०० वॉट-तास असतात. मात्र अशी बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून वापरायचे १,२०० च. पारा शून्याजवळ गेला की त्यातलाही सुमारे पाचवा हिस्सा कमी होतो. हाती उरतात ९६०. छतावर आडवे ठेवलेले २०० वॉटचे सौरपटल डिसेंबरच्या कलत्या उन्हात दिवसाला साधारण ४५० वॉट-तास परत देते. म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या आरंभीच तिजोरी अर्धी रिकामी होती. पहाटे तीनला यंत्र थांबले, ते या कारणाने.

मग काटकसर कोठे करावी? पहिला विचार भट्टी बंद करण्याचा येतो, पण तो करू नये. वृद्धांच्या शरीराला थंडी लवकर बाधते, रक्तदाब वाढतो आणि रात्री लघवीला उठताना तोल जातो. निजण्याची जागा १८ अंशांखाली जाऊ देऊ नये. काटकसर यंत्राच्या तापकात करावी. तापक आणि गरम नळी बंद ठेवली तर बहुतेक यंत्रांचा खर्च ३० वॉटच्या आसपास येतो. घसा थोडा कोरडा पडेल, तेव्हा तसे चालेल का हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा. घरीच दोन रात्री तसे झोपून पाहा. यंत्र इन्व्हर्टरमधून न चालवता कंपनीच्या १२ व्होल्टच्या जोडणीने चालवले तर मधली गळतीही वाचते.

त्याशिवाय यंत्रासाठी एक स्वतंत्र, उचलता येणारी बॅटरी ठेवावी. सुमारे ५०० वॉट-तासांची बॅटरी तापकाविना दीड-दोन रात्री साथ देते. आपण हृदयाची गोळी घरच्या औषधांच्या डब्यात न ठेवता खिशात ठेवतो, तसेच हे. सौरपटल दक्षिणेकडे कलते केल्यास उत्पन्न जवळजवळ दीडपट होते. तरी ढगाळ दिवस गृहीत धरावा आणि दिवसा तास-दोन तास जनरेटर चालवण्याची तयारी ठेवावी. लिथियम बॅटरी आपली जवळजवळ सर्व शक्ती देते, पण शून्य अंशाखाली ती चार्ज करू नये. आतून कायमची बिघडते. ती घराच्या उबदार भागात असावी.

काही सूचना मात्र जिवाच्या आहेत. जनरेटर घरापासून किमान २० फूट दूर, दारे-खिडक्यांपासून उलट दिशेला ठेवावा. ऊब मिळावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे सर्वांना एकाच वेळी जाणवली तर तो फ्लू समजू नका. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि मदत मागवा. वायूसूचक यंत्र वीज वाचवण्यासाठी कधीही बंद करू नये.

मधुमेहींनी इन्सुलिन गोठू देऊ नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी टाकूनच द्यावे. पायांची संवेदना कमी असेल तर विजेची गादी किंवा गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊ नये, भाजलेले कळत नाही. ज्यांना घरी प्राणवायूचे यंत्र लागते, त्यांचे पाच लिटरचे यंत्र तासाला ३०० वॉट-तासांहून अधिक वीज खाते. त्यांनी वीजजोडणी असलेल्या जागीच मुक्काम करावा.

आणि मध्यरात्री सी-पॅप थांबलेच तर? मुखवटा काढा, कुशीवर वळा, डोके-छाती उंच ठेवा. त्या मुक्कामात झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नका. गाडी चालवणाऱ्याला उठवा. इंजिन सुरू करून यंत्र १२ व्होल्टवर चालवता येते का, हे मुक्कामाला पोचल्यावर दिवसाच पाहून ठेवा.

हे सारे मी सरांना एका कागदावर लिहून दिले. वर औषधांची नावे, खाली यंत्राचे वॉट आणि तास. मग त्यांना म्हटले, "सर, आता येथूनच मुलाला फोन लावा." ते संकोचले. बाईंनी फोन लावून त्यांच्या हाती दिला. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग मुलगा म्हणाला, "बाबा, त्या रात्री आई जागी होती, आणि मी चार हातांवर झोपलो होतो. मला उठवायचं होतंत."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि कागदावरचे आकडे त्याला सावकाश वाचून दाखवले. आपल्या घरातील कोणी अशा सहलीला निघाले असेल, तर बॅग भरण्याआधी हा कागद लिहून मुलांना पाठवा.